मोजणी

तुरुंगाच्या फाटकाशी आम्ही तिघं उभे होतो.
उणे एकतीस. कॉर्नी गाडी बंद करायला तयार नव्हता,
सस्कॅचेवानच्या जानेवारीत बंद केलेली गाडी
पुन्हा सुरू होतेच असं नाही, म्हणाला.
हिल्डाने थर्मास आणला होता, मी नवऱ्याचा जुना कोट.
बाहेर आलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलावं
हे चर्चच्या तळघरात आम्ही दोन शनिवार शिकलो होतो.
तो आला, आणि मी म्हणाले, "अरे, पायात हे काय?"

कॅनव्हासचे बूट. आत नेलं तेव्हा उन्हाळा होता,
मध्ये अकरा हिवाळे गेले.

ओरेस्ट ह्नातिउक. हातात कागदी पिशवी,
पिशवीत रेडिओ, आणि आईच्या अंत्यविधीचं कार्ड.
त्याने काय केलं होतं ते आम्हाला सांगितलेलं होतं.
मी ते इथे लिहिणार नाही.
ज्या घरात ते घडलं त्या घरातली माणसं
अजून याच प्रांतात राहतात. त्यांच्यासाठीही
आम्ही प्रार्थना करतो,
ती मात्र दरवेळी माझ्या घशात अडकते.

दर गुरुवारी तो माझ्याकडे जेवायला.
कोबीचा बोर्श्त, आमच्या आजीच्या पद्धतीचा.
तीन गुरुवार मुकाट जेवला,
डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा.
चौथ्या गुरुवारी म्हणाला,
"बीट नाही, मग हा बोर्श्त कसला?"
कॉर्नी एवढा हसला की त्याची कवळी सुटली.

तो गेला की मी चमचे मोजायची.
लग्नातले, चांदीचे, बारा.
हिल्डाला ठाऊक नव्हतं. देवाला असणार,
त्याच्यापासून मी काही लपवत नाही,
लपवता येत नाही म्हणून.

दर गुरुवारी बारा.
मार्चमध्ये एकदा अकरा.

त्या रात्री हातमोजे चढवून कचरा उपसला,
सिंकखालची नळी उघडली, गुडघे भिजवले.
कुणाला बोलले नाही. आठवडाभर
प्रार्थनेला बसले की डोळ्यांसमोर चमचा.

पुढच्या गुरुवारी जेवण झाल्यावर तोच उठला,
बाह्या सारून भांडी घासली,
आणि पंचावर चमचे ओळीने मांडले, एकेक.
"अकरा. बारावा हिल्डाच्या डब्यातून गेला मागच्या वेळी,
बीन्सच्या बुडाशी. मी पाहिलं होतं."
आवाजात राग नव्हता.
"तुम्ही ओठ हलवून मोजता.
बस स्टॉपवरून खिडकीत दिसतं."

माझे कान तापले. तो पंचा पिळत राहिला.
"आत चार वेळा मोजायचे. शेवटचं रात्री दहाला.
अजून दहा वाजले की मी खाटेपाशी उभा राहतो.
कोणी येत नाही.
मग झोप लागत नाही."

त्या रविवारी पास्टर बोलले
नव्याण्णव मेंढरांना रानात सोडून
एकाच्या मागे गेलेल्या मेंढपाळाबद्दल.
शंभरदा ऐकलेलं.
त्याला ते आतूनच उमगतं, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.
उमगतं कसलं! मोजत असणार तो,
रोज संध्याकाळी, थंडीत, ओठ हलवून,
त्याशिवाय एक कमी आहे हे कळलं कसं?

आता रात्री दहाला मी फोन लावते.
पलीकडे आधी रेडिओ बंद होतो.
"ओरेस्ट?"
"एक," तो म्हणतो.
"एक," मी म्हणते, आणि ठेवून देते.
याहून जास्त बोललो तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

परवा दहाला घंटा नुसतीच वाजत राहिली.
साडेदहाला पुन्हा. पावणेअकराला कॉर्नीला उठवलं,
तो म्हणाला, थांब जरा. मी थांबले.
सगळं वाईट तेवढं आठवत गेलं, त्या घरासकट.
चमचे काढले, पुसले, परत ठेवले.
सव्वाअकराला फोन.
बेकरीत भट्टी बिघडली होती, पिठाचे हात, शेवटची बस,
आणि मग जरा थांबून,
"मिसेस वीब? तुम्ही आहात ना?"

या घरात सहा वर्षं मी एकटीच आहे.
मी खुर्चीतून उठले, का कोण जाणे,
खाटेपाशी जाऊन उभी राहिले,
आणि म्हणाले,
"एक."